संगणक बंद करणेबाबत

एका तालुक्याच्या गावी (नाव कशाला घ्या, उगाच बदल्या होतील) एका सरकारी कार्यालयात सध्या एक फाइल फिरते आहे. विषय : ‘सायंकाळी कार्यालय सोडताना संगणक बंद करावेत किंवा कसे, याबाबत’. वीजबिल वाढलं म्हणून लेखा शाखेनं हे पिल्लू सोडलं. प्रश्न साधा. घरी झोपताना दिवा मालवायचा तर कुणी टिप्पणी लिहीत नाही. पण कार्यालयाचं तसं नसतं. फाइल आता चांगली गुबगुबीत झाली असून तिच्यातले अभिप्राय आमच्या हाती लागले आहेत. जनहितार्थ त्यांचा गोषवारा देत आहोत.

पहिला अभिप्राय आवक-जावक लिपिकाचा. ‘संगणक चालू करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. बंद करणे हा कामाचा भाग होऊ शकत नाही, कारण बंद संगणकावर काम होत नाही.’ तर्काला तोड नाही. सबब हे काम शिपायाकडे सोपवावं, अशी त्याची शिफारस. शिपायानं उत्तर दिलं की त्याच्या कर्तव्यसूचीत दिवे, पंखे, खिडक्या आणि कुलूप एवढंच नमूद आहे. शिवाय शटडाउन करायला माउस लागतो, आणि माउस गट-क कर्मचाऱ्याच्या ताब्यात असतो. गट-ड कर्मचाऱ्यानं त्याला हात लावल्यास जबाबदारी कुणाची, याचा आधी खुलासा व्हावा.

खुलासा येईपर्यंत लिपिकानं मधला मार्ग काढला आहे. निघताना तो मॉनिटरचं बटण दाबतो. पडदा काळा झाला, म्हणजे संगणक बंद झाला. टेबलाखाली, ज्या खोक्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो, ते खोकं रात्रभर घरघरत राहतं. त्याच्या जाळीत गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू अजून आहे, झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या आहेत आणि बाकी सगळी धूळ आहे. आतला पंखा ती धूळ इमानेइतबारे ओढतो. शेजारच्या यूपीएसच्या डोक्यावर दुपारी डबे ठेवायची पद्धत आहे. डबा कोमट राहतो. कार्यालयीन ऊर्जेचा एवढा एक सदुपयोग आम्हाला आढळला.

दुसरा अभिप्राय अव्वल कारकुनांचा. निवृत्तीला आलेले गृहस्थ. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत, तो काळ त्यांनी पाहिला आहे. तेव्हा साहेबांना पंखा असे आणि यंत्राला एसी. संध्याकाळी यंत्रावर प्लास्टिकचं आवरण घालण्याचा विधी एखाद्या देवघराला शोभेल इतक्या शांतपणे होई. त्यांनी लिहिलं आहे, ‘वारंवार बंद-चालू केल्याने यंत्राचे आयुष्य घटते, हे तेव्हाच्या इंजिनिअरने मला समक्ष सांगितले होते.’

इंजिनिअर अगदीच चुकीचा नव्हता. जुन्या हार्ड डिस्कमध्ये थांबताना वाचणारं टोक तबकडीवरच उतरत असे आणि सुरू होताना तिथंच घासत असे. तापणं आणि निवणंही सोल्डरच्या जोडांना मानवत नाही. पण घासघासून किती? पुढे घरगुती वापराच्या अशा डिस्कना कंपन्या ५०,००० वेळा थांबण्या-सुटण्याची क्षमता सांगू लागल्या. दिवसाला एकदा या हिशेबानं हे १३७ वर्षं पुरतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होणाऱ्या माणसानं तेवढ्या लांबची काळजी वाहणं ही कर्तव्यनिष्ठा खरी, पण आताच्या एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही. तेव्हा आवरण आणि चपला यांच्याबरोबर ही काळजीही निर्लेखित करायला हरकत नसावी.

तिसरं पान लेखा शाखेचं. राज्य शासनात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी कर्मचारी ४२.५ तास खुर्चीत (असं धरून चालू) आणि उरलेले १२५.५ तास संगणक एकटा. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतच साडेत्रेसष्ट तास होतात. बसून राहिलेला साधा डेस्कटॉप ढोबळ मानानं ६० वॅट खातो, असं धरलं तर आठवड्याला साडेसात युनिट, वर्षाला एका यंत्रामागे सुमारे ३९० युनिट. तोच संगणक स्लीपमध्ये ठेवला, तर एक-दोन वॅटवर गप्प पडून राहतो. आणि हे करायला माणूस लागतच नाही. काही मिनिटं कुणी हात लावला नाही की आपणहून झोपी जायची सोय त्याच्यात असते. या कार्यालयात ती सोय बंद करून ‘कधीच नाही’ हा पर्याय निवडलेला आहे. कारण जेवणाच्या सुट्टीनंतर पासवर्ड पुन्हा टाकावा लागे, आणि पासवर्ड फक्त रजेवर गेलेल्या सहकाऱ्याला पाठ होता.

चौथा अभिप्राय देखभालीच्या कंत्राटावर येणाऱ्या पोराचा. त्यानं लेखी काही दिलं नाही, फक्त टास्क मॅनेजर उघडून दाखवला. जो एक कर्मचारी रोज संध्याकाळी न चुकता शटडाउन करतो, त्याच्या यंत्रावर ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा निघाला! कर्मचारी हादरला. आयुष्यभर नियमानं वागलेल्या माणसावर हा प्रसंग यावा? खुलासा असा की २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शटडाउन म्हटलं की यंत्र तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. त्यामुळे सुरू लवकर होतं, पण साचलेला गोंधळही तसाच पुढे येतो. खरी कोरी पाटी हवी असेल, तर रीस्टार्ट. म्हणजे बंद करणारा बंद करत नाही आणि चालू करणारा बंद करतो. हे ऐकून अव्वल कारकून म्हणाले, ही सोय काढणारा आमच्याच खात्यातून गेलेला दिसतो.

पाचवा अभिप्राय ‘चालू द्या’ पक्षाचा. त्यांचं म्हणणं, चालत्या गाडीला खीळ कशाला? विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक खोट होती. सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की यंत्र गोठायचं, कारण त्याचा मिलिसेकंदांचा गणक तेवढ्यात भरायचा. ही खोट ध्यानात यायला काही वर्षं गेली. इतके दिवस न अडखळता चाललेला विंडोज ९५ पाहिलेला माणूस भेटणंच अवघड होतं. आता यंत्रं महिनोन्‌महिने चालतात, आणि दुखणं वेगळं आहे. सुरक्षेची डागडुजी बहुधा रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा उतारा मार्चमध्येच निघालेला होता. पण तो अनेकांनी लावलाच नव्हता. ‘आत्ता नको, नंतर आठवण करा’ हे बटण ज्यानं शोधलं, त्याला आपल्या प्रशासनाची चांगली जाण असली पाहिजे.

‘चालू द्या’ पक्षाला उत्तर म्हणून बंदवाद्यांनी १९ जुलै २०२४ चा शुक्रवार पुढे केला. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून आडवे झाले आणि आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ते अपडेट आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ ला सुटलं आणि १०.५७ ला मागे घेतलं गेलं. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेले जे संगणक या वेळात बंद होते आणि नंतर सुरू झाले, ते वाचले. थोडक्यात, रात्री यंत्र बंद करून जाणारा आणि सकाळी अकराच्या ठोक्याला उगवणारा कर्मचारी त्या दिवशी आपल्या संस्थेचा तारणहार ठरला. सरकारी जाळ्याला झळ पोचली नाही, असं केंद्रीय मंत्र्यांनी सांगितलं. तिथं हे सॉफ्टवेअर नसावं, हे कारण आम्हाला पुरेसं वाटतं. तरी हजेरीपटाशी त्याचा काही संबंध आहे का, ते तपासून पाहावं.

एवढं सगळं कागदावर येईपर्यंत एक प्रकार घडला. एका शुक्रवारी शिपायानं कर्तव्यसूचीतले दिवे-पंखे घालवताना थेट मेन स्विचच खाली ओढला. यूपीएस पंधरा मिनिटं चीं चीं करत राहिले, मग त्यांनीही मान टाकली. पडद्यांवर त्या वेळी ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ असं लिहिलेलं होतं, पण मॉनिटरची बटणं लिपिकानं आधीच दाबलेली असल्यानं ते वाचायला कुणी नव्हतं. सोमवारी दोन यंत्रं उठली नाहीत. आता त्याची वेगळी फाइल आहे.

आमचं मत विचाराल तर यात वादासारखं काही नाही. रोज संध्याकाळी स्लीप केलं तरी चालतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं आणि अपडेट पूर्ण होऊ द्यावं. सुट्टीआधी शटडाउन करावं, आणि भिंतीवरचं बटण पडदा व पंखा दोन्ही शांत झाल्यावरच बंद करावं. ज्या सर्व्हरवर रात्री बॅकअप चालतो, तो अर्थातच चालू ठेवावा. एवढं सांगायला फाइल लागत नाही. पण आपल्याकडे चालू राहिलेल्या गोष्टीला कुणी जबाबदार नसतो; बंद करायची म्हटली की मात्र सही लागते. संगणकाचं सोडा, मुदत संपलेल्या समित्या, माणसं नसलेली महामंडळं आणि लाभार्थी उरले नाहीत अशा योजनाही याच कारणानं रात्रंदिवस घरघरत असतात.

आज शुक्रवार असेल, तर निघण्यापूर्वी एकदा टेबलाखाली वाकून बघा. घरघर ऐकू आली, तर बंद करा. कुणी विचारलंच, तर सही आमची.