बोट दाखवीन तिथे खड्डा

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून गाडी धरली की अर्ध्या तासात वोकिंग. एच. जी. वेल्सने आपल्या कादंबरीत मंगळवासी उतरवले ते या गावाच्या माळावर. गावाने राग धरला नाही. उलट भर बाजारात मंगळवाल्यांच्या तीन पायांच्या यंत्राचा सात मीटर उंच पुतळा उभा केला. गावाचा कारभारही तीन पायांवरच चालतो: कचरा बरोकडे, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडे, रस्ते सरे काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, आणि कायदे वेस्टमिन्स्टरच्या संसदेकडे. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण इंग्लंडात नाही. तिच्या जागी काउन्सिलर आहे.

हा काउन्सिलर, म्हणजे बरोचा नगरसेवक, कुठल्या पक्षाचा, हे विचारण्यात अर्थ नाही. छातीवरच्या रोझेटचा, म्हणजे पक्षाच्या फितीच्या फुलाचा, रंग निळा, लाल, पिवळा, हिरवा कुठलाही असो, पत्रकावरचा फोटो एकच. पावसाळी जाकीट घातलेले साहेब रस्त्यात उकिडवे बसले आहेत, चेहरा मयताला आल्यासारखा आणि उजव्या हाताची तर्जनी खड्ड्याकडे. खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर दुधात साखर. खड्डा बुजला की त्याच जागी दुसरा फोटो. आता तर्जनीऐवजी अंगठा वर. बुजवणारी माणसं काउंटीची, अंगठा साहेबांचा.

पत्रकं वाटायलाही साहेब स्वतःच जातात. इंग्लिश दाराला टपालासाठी फट असते, फटीला आतून राठ केसांचा ब्रश असतो आणि ब्रशाच्या पलीकडे बहुधा कुत्रा. म्हणून मुरलेला काउन्सिलर खिशात लाकडी उलथनं बाळगतो. पत्रक उलथन्याने आत सरकवायचं, बोटं बाहेर ठेवायची. ज्या बोटावर सगळं राजकारण उभं आहे, ते जपायलाच हवं.

बरोच्या 30 जागा. त्यांतल्या एक तृतीयांश जागांची निवडणूक दरवर्षी, अशी तीन वर्षं. चौथं वर्ष काउंटीच्या निवडणुकीचं, असा आजवरचा शिरस्ता. त्यामुळे मे महिना जवळ आला की साहेब दारात उभे. यादीतलं आडनाव जिभेवर बसत नसलं तरी बेल वाजतेच, कारण भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्यालाही कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मत देता येतं, अगदी खासदारकीलासुद्धा. पण दार एखाद्या पुणेकर काकूंनी उघडलं की साहेबांची परीक्षा सुरू होते.

“समोरचा खड्डा कधी बुजणार?”

“उत्तम प्रश्न! तो काउंटीचा.”

“आणि कोपऱ्यावरचा दिवा?”

“तोही काउंटीचाच.”

“नळाला पाणी कमी येतं त्याचं काय?”

“ते पाणी कंपनीचं. आणि तेच पाणी तुमच्या मोरीतून खाली गेलं की दुसऱ्या कंपनीचं.”

“टॅक्स तर तुम्हीच घेता!”

“गोळा आम्ही करतो. त्यातला बराचसा काउंटीला जातो.”

“मग तुमच्याकडे आहे तरी काय?”

“कचरा,” साहेब ताठ मानेने सांगतात.

काकू कसल्या ऐकतात! त्या खासदाराची ‘सर्जरी’ गाठतात, म्हणजे मतदारांना भेटण्याची वेळ. वोकिंगची जागा 1950 मध्ये मतदारसंघ झाल्यापासून हुजूर पक्षाकडे होती. 2024 च्या जुलैत ती लिबरल डेमोक्रॅटांनी घेतली. खड्ड्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. खासदाराच्या हाती 650 पैकी एक मत आणि एक लेटरहेड. तो सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि पत्र धाडतो. पत्र काउंटीला, प्रत वॉर्डाच्या काउन्सिलरला. दोन आठवड्यांनी साहेब पुन्हा काकूंच्या दारात: “तुमच्या भागातल्या एका खड्ड्याबद्दल मला थेट खासदारांचं पत्र आलंय!”

आता याच साहेबांचा दुसरा किस्सा. वोकिंग बरोने हॉटेल आणि उंच मनोरे बांधण्यापायी कर्ज काढलं. 2023 च्या जूनमध्ये दिवाळखोरीची नोटीस निघाली तेव्हा तूट होती 1.2 अब्ज पौंडांची. पुढच्या वर्षी काउन्सिल टॅक्समधला बरोचा वाटा सुमारे 10 टक्क्यांनी चढला. रस्त्यातला वीतभर खड्डा ज्यांना पन्नास पावलांवरून दिसतो, त्यांना स्वतःच्या कचेरीतला एवढा खड्डा कसा दिसला नाही? याचं उत्तर सोपं आहे. हा खड्डा हिशेबाच्या परिशिष्टात होता. परिशिष्टात पाणी साचत नाही आणि त्याच्या शेजारी उकिडवं बसून फोटोही काढता येत नाही.

तरीही साहेबांवर रागावणं जमत नाही. पहाटेच्या बर्फात घसरगुंडी झालेल्या गल्लीत एखाद्या आजीचा डबा कचरागाडी तसाच सोडून गेली, तर आजी फोन खासदाराला करत नाही, काउंटीला करत नाही, साहेबांना करते. साहेब आधी बरोला रीतसर ईमेल टाकतात. मग जाकीट चढवून स्वतः येतात, डबा ढकलत पुढच्या वळणावर गाडी गाठतात आणि रिकामा डबा झाकण लावून जागेवर आणून ठेवतात. याचा फोटो मात्र कुठल्याच पत्रकात येत नाही. डबा ढकलायला दोन्ही हात लागतात ना!

आता त्यांच्यावर नवंच संकट आलंय. बरो आणि काउंटी दोन्ही मोडून 2027 च्या एप्रिलपासून वेस्ट सरे नावाचं एकच काउन्सिल होणार, असं सरकारने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. म्हणजे कचरा, रस्ता, दिवा, खड्डा सगळं एकाच छपराखाली. “तो काउंटीचा” म्हणायची सोयच राहणार नाही. इतक्या वर्षांची विद्या एका फटक्यात बाद! कुणीतरी काळजीने विचारलं, “आता खड्डा तुमचाच की हो. काय करणार?”

साहेब क्षणभरच गडबडले. मग चेहऱ्यावर तेज आलं.

“खड्डा आमचा, मान्य. पण पैसे?” असं म्हणून त्यांनी तर्जनी जमिनीवरून उचलली आणि ईशान्येला, वेस्टमिन्स्टरच्या दिशेने रोखली.