मेनू हलता असावा

लग्नाच्या डीव्हीडीचे दोन भाग असतात: मेनू आणि लग्न. लग्न भटजी लावतात, शूटिंगवाला टिपतो, आचारी निभावून नेतो. मेनू मात्र घरातल्याच एखाद्या कर्तबगार माणसाला रात्रीची जेवणं आटोपल्यावर संगणकासमोर बसून करता येतो. मी तो २००८ साली भाचीच्या लग्नात केला. मामाने पिवळी साडी द्यायची असते, तीही दिली; पण तिची आठवण कुणी काढत नाही आणि मेनूची काढतात. कशी काढतात ते पुढे येईलच.

सॉफ्टवेअर आपल्या स्वभावाप्रमाणे निवडावं. त्या काळी स्टुडिओवाले एडियसवर काम करत, हौशी लोक युलीड किंवा पिनॅकलवर, आणि ज्यांचा स्वतःबद्दल काही गैरसमज असे ते अ‍ॅडोबी एन्कोरवर. मी एन्कोर घेतलं. त्यात मेनूचं चित्र फोटोशॉपमध्ये करायचं आणि लेयरना विशिष्ट नावं द्यायची: बटणाच्या नावाआधी कंसात अधिकचं चिन्ह, उजळणाऱ्या भागाच्या नावाआधी कंसात बरोबर-एक. गणित टाळायला ज्यांनी कलाशाखा घेतली, त्यांना ते इथे गाठतं. एन्कोरची शेवटची आवृत्ती २०१२ची. आज शिकायचं असेल तर डीव्हीडीस्टायलर फुकट मिळतं, म्हणजे सबब उरलेली नाही.

आधी चौकट समजून घ्यावी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, पण हे ठिपके चौरस नसतात. मी नवरानवरीच्या फोटोंना तितक्याच मापावर गोल महिरप केली. संगणकावर ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी दिसली आणि टीव्हीवर आडवी फुगली. ‘मुलाला सासुरवाड मानवली,’ असं व्याह्यांकडचे म्हणाले. शिवाय जुना डबा टीव्ही चित्राच्या कडा खातो, म्हणून अक्षरं मधल्या ऐंशी टक्क्यांतच ठेवावीत. मी नावं ऐसपैस लिहिली होती. डावीकडचं ‘चि. सौ. कां.’ चौकटीआड गेलं आणि भाचीचं नुसतं नाव उरलं, बिनलग्नाचं.

आता बटणं. मागे व्हिडिओ कितीही रंगीत नाचवा, रिमोटने निवडलेलं बटण उजळतं ते वेगळ्या थरावर. त्या थराला रंग मिळतात चार, आणि त्यातला एक बहुधा पारदर्शक ठेवावा लागतो. दाराबाहेरच्या रांगोळीलाही याहून जास्त रंग असतात. आणखी एक गोष्ट, जी मला चौथ्या रात्री कळली: हा उजेड हलत नाही. मी बटणं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वरून तरंगत आणली होती. ती खाली पोचण्याआधीच त्यांच्या जागी सोनेरी चौकट झळकू लागली. अंतरपाट धरलेला आणि नवरदेव अजून मारुतीच्या देवळातच! यावर उपाय म्हणजे लूप पॉइंट. पाकळ्या टेकेपर्यंतचा भाग एकदाच दाखवायचा, बटणं तिथून पुढे जागी करायची आणि पुन्हा फिरून यायचं तेही तिथेच. सुरुवात आणि शेवट यांचं चित्र जुळलं नाही तर दर फेरीला हिसका बसतो. सनईचा सूरही अर्ध्यावर तुटतो, वाजवणाऱ्याला ठसका लागावा तसा.

बटणांची वाट आखणं हे खरं जोखमीचं काम. प्रत्येक बटणाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठे जायचं ते सांगावं लागतं. माझ्या पहिल्या डिस्कवर ‘हळद’वरून खाली गेलं की थेट ‘पाठवणी’, आणि पाठवणीवरून कुठेच परतता येईना. ताईच्या डोळ्यांत दुसऱ्यांदा पाणी आलं.

एका मेनूवर जास्तीत जास्त ३६ बटणं बसतात आणि एका चित्रफितीचे ९९ तुकडे पाडता येतात. हे आकडे ठरवणाऱ्यांनी आपल्याकडची लग्नं पाहिलेली नसावीत. आत्तेसासूबाईंना रुखवत हवं होतं, कारण त्यातली साखरेची तुळस त्यांची. काकांना पंगत हवी होती. पण पाच हलत्या मेनूंना जागा करायची म्हणून मी पंगतीतली दोन-अडीच मिनिटं कापली होती, आणि काका जिलेबी वाढत होते ते नेमके त्यातच. कारण डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं आणि संगणक ४.३८च दाखवतो. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक १०२४ने; काका मात्र माझ्याशी अजून मोजूनमापूनच बोलतात.

डिस्क जाळताना वेग कमी ठेवावा आणि त्या वेळात मिक्सर लावू देऊ नये. मिक्सरचा पुरावा माझ्याकडे नाही, पण नियम घरात पाळला गेला. तयार डिस्कवर ऑडिओ_टीएस नावाचा रिकामा फोल्डर दिसेल. तो तसाच राहू द्यावा. रुखवतातही काही डबे रिकामेच मांडतात. चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी डिस्क वापरावी, हे मला साध्या दहा डिस्क वाया गेल्यावर सुचलं.

पहिला खेळ आईसाठी लावला. डिस्क घातली, सनई सुरू झाली, आणि मी चहा करायला आत गेलो तो फोनवर अडकलो. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर आई हात जोडून मेनूच पाहत बसलेली. रिमोट तिला कुणी दिलाच नव्हता. वीस सेकंदांची एक फेरी, म्हणजे तिने ती ९० वेळा पाहिली होती.

‘छान झालंय रे,’ ती म्हणाली. ‘सनई तर फारच गोड. पण विधी फार थोडक्यात उरकलेत.’

माझ्या कामाची इतकी मनापासून पाहणी नंतर कुणी केली नाही. बाकीचे ‘प्ले’ दाबून तीन सेकंदांत पुढे जात. पाकळ्या जमिनीला टेकायच्या आत ते दाबता येत नाही, एवढाच माझा सूड.

गेल्या वर्षी भाचीने पेनड्राइव्हवर लग्न मागितलं. तिच्या लॅपटॉपला डिस्कची खाच नाही. फाइल करून दिली. त्यात लग्न सगळं आलं, मेनू नाही आला; तो अशा फाइलमध्ये येत नसतो. अकरावी डिस्क माझ्या कपाटात आहे. मेनू बघायचा असेल त्यांनी जरूर यावं. प्लेअर आपला आणावा, रिमोटसकट.