मृग ते दसरा : बुलेट उभी करण्याचे शास्त्र

आधी तुम्ही कोण आहात ते ठरवा. पहिली सर पडताच माळशेज, ताम्हिणी, भुशी डॅम ही नावं ऐकून ज्यांच्या अंगात येतं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन नाही. त्यांचा सीझन जूनमध्येच सुरू होतो आणि गाडीची निगा घाटातला चिखल राखतो. क्रोमवर पाण्याचा थेंब दिसला तर ज्यांना रात्री झोप येत नाही, अशा गृहस्थांनी पुढे वाचावं. त्यांच्याकडे एक बुलेट असते आणि एक अ‍ॅक्टिव्हा. चार महिने ऑफिस, भाजी, दळण, मुलीचा क्लास हे सगळं अ‍ॅक्टिव्हा मुकाट्याने ओढते. तिच्या देखभालीवर कुणी कधी कौतुकाने लिहीत नाही. इथेही लिहिणार नाही.

मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत. आपलं वेळापत्रक तेच. मृग लागण्याच्या आत, म्हणजे 7 जूनच्या सुमारास, गाडी छावणीत गेली पाहिजे. फरक इतकाच की छावणीतला घोडा बसून खातो. बुलेट उभी राहिली की तिलाच बाकीचे खातात. गंज, उंदीर आणि सोसायटीतले काका, या क्रमाने.

जागा निवडताना वास्तुशास्त्र बघू नका, पाण्याची खूण बघा. चिपळूणकरांना 2005 आणि 2021, सांगली-कोल्हापूरकरांना 2019 एवढं म्हटलं तरी पुरतं. बाकीच्यांनी इमारतीतल्या सर्वांत जुन्या वॉचमनला विचारावं. तो गुडघ्याला हात लावून दाखवेल तिथून एक वीत वर गाडीचं इंजिन हवं. एवढं करूनही गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर पहिली ऊर्मी किक मारण्याची येते. ती दाबा. आधी इंजिनाचं ऑइल सोडून बघा. दुधाळ निघालं तर पाणी आत गेलेलं आहे, आणि तशात किक मारलीत तर तुमचं काम मेकॅनिकच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावेल.

आता ऑइल. नवशिक्याला वाटतं, गाडी उभीच राहणार, तर ऑइल दसऱ्याला बदलू, पैसे वाचतील. चुकीचं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ओल आणि जळणाची आम्लं असतात, आणि ती चार महिने बेअरिंगांच्या अंगाला लागून बसतात. म्हणून गाडी चांगली गरम होईल एवढी फिरवून आणा, गरम असतानाच जुनं ऑइल सोडा आणि नवं भरा. चेन डिझेल आणि जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, वर 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा. टूथब्रश जुना आहे याची घरात खात्री करून घ्या.

पेट्रोलचं प्रकरण जरा खोल आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे टाकीचा पाचवा हिस्सा कुणाच्या तरी शेतातला ऊस, मका नाहीतर तांदूळ असतो. या इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. हवेतली ओल ते शोषत राहतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कॉक पेट्रोल नेमकं तळातून उचलतो. शिवाय टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या उघड्या पत्र्यावर आतून ओल धरते आणि गंज चढतो. म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवायची. आत हवाच कमी राहिली की ओलही कमी. मग कॉक बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. थोड्या वेळाने ते फुरफुरून आपोआप बंद पडेल. घाबरू नका, तेच हवं होतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल खालचा स्क्रू सैल करून बाटलीत घ्या, नाहीतर ते आटून जेटमध्ये डिंक धरतो. इंजेक्शनवाल्या गाडीला ना हा कॉक ना हा स्क्रू. टाकी भरा आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळा. येझदीवाल्यांना यातलं काही शिकवावं लागत नाही. म्हैसूरचा मूळ कारखाना 1996 साली बंद पडला, तेव्हापासून उभ्या गाडीचा अनुभव त्यांच्याइतका कुणाकडेच नाही.

बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. बसवताना उलट. हा क्रम उगाच नाही: लाल आधी सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला की अशी ठिणगी उडते की क्रम जन्मभर पाठ होतो. बॅटरी घरात आणा आणि महिन्यातून एकदा व्होल्ट मोजा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली गेली की चार्जिंगला. करंट मात्र बेताचाच हवा. 9 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 1 अँपिअर भरपूर झाला. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज जुन्या लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळचा. प्लॅस्टिकच्या बॅटरीला फरशीचं काही सोयरसुतक नाही. तरीही ती फळीवरच ठेवा. नाहीतर घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच सांगेल, आणि चहा होईपर्यंत तुम्हाला ऐकावं लागेल.

झाकण्यासाठी ताडपत्री किंवा प्लॅस्टिक वापरू नका. आत ओल कोंडते आणि पाऊस न लागताही गाडी भिजते. सुती कापड उत्तम. त्यासाठी आईकडे जुनी साडी मागावी लागते, आणि कारण कळल्यावर ती सापडत नाही. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर संसार थाटू नये म्हणून बोळा कोंबा आणि बोळा काढण्याची आठवण म्हणून किल्लीला चिठ्ठी बांधा. किल्ली कुठे ठेवली याची चिठ्ठी कुठे बांधायची, हे ज्याने त्याने ठरवावं. गाडी डबल स्टँडवर, टायरात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, आणि पंधरा दिवसांनी पुढचं चाक थोडं फिरवून ठेवायचं, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही.

इथवर सगळं सोपं होतं. खरी परीक्षा श्रावणात येते. एखाद्या रविवारी ऊन पडतं, हात शिवशिवतो आणि वाटतं, पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवू, इंजिनाला बरं. सोसायटीतले काकाही जिन्यावरून हेच सांगतात.

“अहो, अधूनमधून स्टार्ट करत जा, बॅटरी उतरेल.”

“बॅटरी वर घरात आहे, काका.”

“मग इंजिन जाम होईल.”

काकांचं मन मोडायचं नसतं, पण ऐकायचंही नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या रपेटीत ते वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, मग तेच पाणी त्याच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून खात बसतं. इंजिनाच्या नव्या ऑइलमध्येही थोडं उतरतं. बटन स्टार्टसाठी बॅटरी परत बसवलीत, तर स्टार्टरने जेवढं घेतलं तेवढंही आयडलिंगवर धड भरून निघत नाही. तेव्हा गाडी एकतर कोरड्या रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर नीट फिरवून आणा, नाहीतर तिला हात लावू नका. मधला मार्ग फक्त मालकाच्या कानांसाठी असतो. धडधड ऐकल्यावाचून करमत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. काही जणांची रिंगटोन तीच असते.

खंडेनवमीला साडी काढा. चिठ्ठी वाचा, बोळा काढा. झेंडूचा हार त्यानंतर. बॅटरी बसवा, मग क्लच दाबून इग्निशन बंद ठेवूनच चार-पाच किका मारा, कारण क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. नंतर कॉक उघडा, चोक ओढा. जुनी कास्ट आयर्न असेल तर अँपिअरचा काटा मधोमध आणा, डीकॉम्प दाबून किक थोडी पुढे सरकवा, आणि मग पूर्ण वजनाने एकच. काटा मधोमध न आणता घाईने मारलेली किक उलटी येते. दसऱ्याचं सोनं पुढे आठवडाभर लंगडत वाटावं लागतं.

ब्रेक तपासा, हवा नेहमीइतकी करा, आणि निघण्याआधी पीयूसीची तारीख बघा. ती ऑगस्टमध्येच संपलेली असते. पीयूसी काढायला गाडी सेंटरवर न्यावी लागते, सेंटर चौकापलीकडे आहे, आणि सणाच्या दिवशी हवालदार चौकातच असतो. अ‍ॅक्टिव्हाची चालू आहे.