घर विकणे आहे

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर विकायचं, हे वीस वर्षं दर गणपतीत ठरतं आणि गणपतीबरोबरच विसर्जित होतं. गेल्या वर्षी मात्र ऐन आरतीत मागच्या पडवीचा वासा खाली आला आणि ठराव टिकला.

घर विकायला आधी मालक लागतो. आमच्याकडे त्यांचा तुटवडा नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली पाच स्वर्गवासी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. आमच्या घरात ती बातमी यंदा पोचली. धाकट्या आत्याने सहीसाठी एकच अट घातली: न्हाणीघरातला तांब्याचा बंब तिला हवा. तो मोडीत जाऊन तीस वर्षं झाली. हे तिला कोणी सांगायचं, यावर उरलेल्या हिस्सेदारांचं अजून एकमत नाही.

मे महिन्यात दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकाने खांबावर टिचकी मारली, भुगा पडला. माजघराच्या जांभ्याच्या भिंतीत बोट घातलं, ते आत गेलं. मग त्याने वर पाहिलं. काका पुढे झाले. "अस्सल मंगळुरी कौलं! बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासूनचं हे वाण."

"मग फुटणारच," गिऱ्हाईक म्हणालं.

"फुटत नाहीत, वानरं फोडतात," काका म्हणाले.

"गळतं का?"

या घराला चाळण हे नाव मीच ठेवलेलं. कुठल्या सरीला कुठे परात आणि कुठे बादली, हे मला पाढ्यांसारखं पाठ. तरी तोंडातून गेलं, "छे! फक्त पावसाळ्यात."

कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असावं. ते हसलं. दलालाने हिशेब मांडला: जागेची किंमत येईल, घराची शून्य, त्यातूनही पाडायचा खर्च वजा. म्हणजे घर नसतं, तर आम्ही जास्त श्रीमंत असतो.

यात खोटं काही नव्हतं. आम्ही स्वतः याहून वाईट बोललो होतो, तेही पंक्तीला बसून, त्याच छपराखाली. पण आपल्या म्हाताऱ्यावर आपण खेकसावं. शेजारी खेकसला की अंगावर येतं. काकांनी गिऱ्हाइकाला कोकम सरबत दिलं, पण नेहमीसारखा दुसऱ्या पेल्याचा आग्रह केला नाही.

संध्याकाळी पाहतो, तर काका शिडी लावून कौलं परतायला चढलेले.

"काका, विकायचंय ना?"

"विकायचंच आहे रे. पण तो मेला पुन्हा पावसात आला, तर गळताना दिसता कामा नये."

मी शिडी धरली. वरून काका एकेक फुटकं कौल देत होते, मी खालून धडकं देत होतो. घर विकायचं तर आहेच. गणपतीत नक्की ठरवू.