थोरल्या जावयाचं रेटिंग

खानदेशात माणसाला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही. लहानपणी तो कुणाचा तरी 'बाळ्या' असतो, मिसरूड फुटली की 'भाऊ' होतो, लग्न झालं की सासरच्या गावाचा 'पाव्हणा' होतो आणि पुढे यथावकाश अण्णा, आप्पा, नाना, आबा, तात्या यांपैकी काहीतरी एक. यात कर्तबगारीचा काही संबंध नाही. केस पांढरे व्हायला लागले की पदवी घरपोच येते. जळगाव-धुळे एसटीत शेजारच्याला नुसतं "सरका" म्हटलं तर तो हलत नाही. "अण्णा, जरा सरका" म्हटलं की दोघांची जागा होते. सगळा खानदेश या मोठेपणावर सुरळीत चाललेला असतो.

हा मोठेपणा अंगी मुरलेला माणूस पन्नाशीला येतो आणि केव्हातरी मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला लागतो. तिथे त्याला अण्णा कुणी म्हणत नाही. तिथे त्याला एक आकडा मिळतो. त्याला रेटिंग म्हणतात.

माझा आकडा सध्या साडेसातशेच्या आसपास आहे. धुळ्याला माझे साडू राहतात, त्यांचा चाळीसने जास्त आहे. साडू माझ्यापेक्षा वयाने लहान, घरात जावई म्हणूनही धाकटे. आमची सासुरवाडी एरंडोलची, म्हणजे जळगाव-धुळे रस्त्यावरची, दोघांच्या मधली. हिवाळ्यात तिथे भरिताचा बेत ठरतो. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी थापल्या जातात, आणि पहिलं ताट थोरल्या जावयाला, म्हणजे मला, वाढलं जातं. हा क्रम कुणी मोडलेला नाही. पण मागच्या हिवाळ्यात माझा पहिला घास तोंडात जायच्या आत साडू अत्यंत नम्रपणे म्हणाले, "भाऊ, अजून चाळीसचा फरक आहे ना आपल्यात?"

सासऱ्यांनी विचारलं, "चाळीस काय शे? क्विंटल?"

कापसाचा विषय नाही हे कळल्यावर त्यांचा रस संपला. माझं मात्र भरिताकडे नीट लक्ष लागेना.

हा चाळीसचा फरक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जावं लागतं. हंगेरीत जन्मलेले आर्पाड एलो मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी बसवलेलं गणित जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारलं. मोबाइलवरची रेटिंगंही त्याच कल्पनेवर, थोड्या पुढच्या गणिताने चालतात. कल्पना साधी आहे. रेटिंग तुम्ही किती हुशार आहात हे सांगत नाही. समोरच्याशी खेळताना तुमच्याकडून किती गुणांची अपेक्षा धरावी, एवढंच सांगतं. दोघांत चारशेचा फरक असेल तर वरच्याला शंभर डावांत साधारण एक्याण्णव गुण मिळावेत. चाळीसचा असेल तर छप्पन. म्हणजे माझ्या साडूंना शंभरात छप्पन आणि मला चव्वेचाळीस. एवढ्या किरकोळ बहुमतावर माणूस भरिताच्या पंगतीत बोलायला लागतो.

खरी गंमत पुढे आहे. अपेक्षेपेक्षा जास्त केलंत तर आकडा वाढतो, कमी केलंत तर उतरतो. वय, हुद्दा, शेती किती, मुलगा कुठे नोकरीला, याला त्या सूत्रात जागाच नाही. वशिल्याला तर नाहीच. आपल्याकडे बाकी सगळे मान कुणीतरी कुणाला तरी देऊ शकतं. हा एकच मान असा आहे, की तो द्यायचा म्हटलं तरी कुणाला देता येत नाही.

तसे आम्ही खानदेशी लोक बुद्धिबळाला नवखे नाही. सांगलीत १९४१ पासून नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्या घडवल्या. आमच्याकडे ओटा होता. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीकडे निघाला की दुपारी बाहेर पडणं शक्य नसायचं. मग ओट्यावरच पत्ते, नाहीतर बुद्धिबळ. पट पुठ्ठ्याचा, एक घोडा हरवलेला, त्याच्या जागी बाटलीचं झाकण. नियम घराण्याचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार. राजाला एकदा घोड्याची उडी मारायची मुभा, पण तोवर शह बसलेला नसेल तरच. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं त्याचंच मोहरं मिळणार. वजीर हवा असेल तर वजिराच्या घरी जा. आणि कुणी अडचणीत आलं की कडेला बसलेले आजोबा नवा नियम सांगायचे, तो सहसा त्यांच्या लाडक्या नातवाच्या बाजूचा असायचा.

या देशी नियमांना कुणी हसू नये. पंजाबातले मीर सुलतान खान याच पद्धतीचं बुद्धिबळ शिकून मोठे झाले. ते ज्यांच्या पदरी होते त्या जमीनदारांबरोबर १९२९ साली लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. मधल्या काळात हेस्टिंग्जला त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवलं. मग मायदेशी परतले आणि स्पर्धांतून बाहेर पडले. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी. ओट्यावरच्या माणसाने हे एवढं उदाहरण जपून ठेवावं, मात्र साडूंसमोर वापरू नये, ते लगेच विचारतात, "मग तुम्ही ब्रिटनला कधी निघताय?"

फिडेच्या कारभारात माणुसकी नाही असंही नाही. पहिल्याच स्पर्धेत भोपळाही फुटला नाही, तर नवख्या खेळाडूची ती स्पर्धा रेटिंगसाठी धरतच नाहीत. १ मार्च २०२४ पासून तर त्यांनी दोन हजारांच्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका सूत्राने वर उचललं: दोन हजाराला जेवढे कमी पडतात, त्याच्या चाळीस टक्के भर. हजारवाला चौदाशेवर गेला, सोळाशेवाला सतराशे साठवर. महागाई भत्ता वाढावा तसं एका रात्रीत जगभरच्या दुबळ्या खेळाडूंचं भलं झालं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण कालच्याएवढंच वाईट खेळला. सोबत फिडेच्या रेटिंग यादीची खालची पायरी चौदाशे ठरली. त्याखालच्या माणसाला यादीत जागाच नाही, त्यामुळे त्याची बदनामीही होत नाही.

ही यादी गाठायची म्हणून मी जळगावातल्या एका स्पर्धेत नाव दिलं. जळगावात आता बुद्धिबळाचं वातावरण आहे. जैन स्पोर्ट्स अकॅडमीने या खेळाला आधार दिला आहे, राष्ट्रीय स्पर्धेसाठी देशभरातली पोरं जैन हिल्सवर येऊन गेली आहेत. मोठ्या माणसाला मात्र त्या हॉलमध्ये पाऊल टाकताक्षणी एक अडचण येते: दारातले स्वयंसेवक "पालकांनी बाहेर थांबा" म्हणतात. आपण खेळाडू आहोत हे पटवून द्यावं लागतं.

माझ्यासमोर धुळ्याची एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने हात पुढे केला, मी हात मिळवला. तिने माझ्या चाली आणि स्वतःच्या चाली वहीतल्या पाढ्यांसारख्या सुबक लिहिल्या. मी एका उंटाला उगाच बोट लावलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, हात लावला की तेच मोहरं चालवावं लागतं." 'काका' हा शब्द तिने वापरला, त्यामुळे क्षणभर बरं वाटलं. पण त्या नात्याचा फायदा उंटाला झाला नाही. आठ-दहा चालींनंतर ती पुन्हा म्हणाली, "काका, तुमची चाल." चाल माझी होती हे खरं, पण जाण्याजोगं घर एकही उरलेलं नव्हतं.

हरल्यानंतर लहान आणि मोठ्या माणसांतला फरक दिसतो. शेजारच्या पटावर एक मुलगा हरला, रडला, आईने डब्यातला चिवडा दिला, तो खाल्ला आणि पुढच्या फेरीला गेला. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत उरकला. मोठा माणूस रडत नाही. तो कारण देतो. हॉलमध्ये उकडत होतं. पंखा नेमका डोक्यावर होता. मोबाइलवर खेळत असेल तर रेंज गेली, लाइट गेली, बोट घसरलं, तेवढ्यात घरातून कांदा चिरून मागितला. आमच्या साडूंनी तर एकदा पराभवाचं खापर थेट शेवभाजीच्या तिखटावर फोडलं होतं. कारण सापडलं की मोठ्या माणसाचं समाधान होतं, आणि समाधान झालं की शिकायचं काही उरत नाही. मुलाजवळ कारणं नसतात, म्हणून त्याला डाव पुन्हा बघावा लागतो. त्याचं रेटिंग वाढतं ते मेंदू कोवळा असतो म्हणून, असं आपण म्हणतो. मला वाटतं, निम्मं तरी त्याला अजून कुणी अण्णा म्हणत नाही म्हणून वाढतं.

गुरू नसलेल्या प्रौढाचं पहिलं पाऊल बहुधा भारदस्त असतं. तो ओपनिंग शिकतो. सिसिलियन, लंडन, कारो-कान ही नावं त्याला आवडतात. चारचौघांत उच्चारता येतात. रात्री जागून तो बारा चाली पाठ करतो आणि समोरचा दुसऱ्याच चालीला पुस्तकाबाहेर जातो. कारण समोरचाही साडेसातशेचाच आहे, त्याने पुस्तक उघडलेलं नाही. या पातळीवरचे डाव ओपनिंगने ठरत नाहीत. मोहरी फुकट देण्याने ठरतात. ज्याने शेवटचं मोहरं फुकट दिलं तो हरतो. म्हणून प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या शेवटच्या चालीकडे बघून विचारायचं: याला आता काय मारायचंय? या एका प्रश्नाने जेवढं रेटिंग वाढतं, तेवढं सबंध सिसिलियनने वाढत नाही. पण प्रश्न फार साधा आहे, आणि साधं काही करायला मोठ्या माणसाला कमीपणा वाटतो.

बाकीचे उपायही असेच बिनरुबाबाचे आहेत. तीन मिनिटांचे डाव सोडून पंधरा मिनिटांचे खेळायचे. रोज थोडी कोडी सोडवायची, विशेषतः घोडा दोघांवर एकदम चाल करतो ती. हरलेला डाव यंत्राला दाखवण्याआधी स्वतः बघायचा. लागोपाठ दोन डाव हरलो की फोन खाली ठेवायचा; तिसरा डाव रागाचा असतो आणि राग प्यादी मोजत नाही. आणि शेवट शिकायचा: एक राजा आणि एक हत्ती घेऊन मात कशी करायची, एका प्याद्यासाठी दोन राजे समोरासमोर कसे अडतात. कापाब्लांकाही शेवटापासूनच सुरुवात करा असं सांगायचा. जवळ एक प्यादं उरलेलं असताना कोण तात्या आणि कोण आप्पा, याने काहीच बिघडत नाही.

थोरपणाचा हिशेब पटावर कसा उलटतो याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रानेच पाहिलं. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम लढत दोन भारतीयांत झाली. एका बाजूला कोनेरू हंपी, २००२ साली ग्रँडमास्टर झालेली. दुसऱ्या बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, २००५ साली जन्मलेली. हंपीला किताब मिळाला तेव्हा दिव्या जगात नव्हती. रेटिंगही हंपीचंच जास्त होतं. दिव्या टायब्रेकमध्ये जिंकली आणि त्या विजयातूनच ग्रँडमास्टर झाली. म्हणजे वय हरलं, अनुभव हरला आणि त्या दिवशी खुद्द रेटिंगही हरलं. पलीकडे नाशिकचा विदित गुजराथी २०१३ पासून ग्रँडमास्टर आहे. नाशिकहून नागपूरला रेल्वेने जायचं तर गाडी जळगाव-भुसावळवरूनच जाते. एवढं मोठं बुद्धिबळ आमच्या अंगावरून ये-जा करत असताना आम्ही साडू-साडू चाळीस पॉइंटांवरून भांडतोय, हेही खरं.

साडूंचं आणि माझं अजून चालूच आहे. पुढच्या भरिताला पहिलं ताट मलाच येईल, त्याबद्दल शंका नाही. ते माझ्या वयाला आहे. आकड्याचं मात्र मला एकट्यालाच बघावं लागेल.

तुम्हीही पन्नाशीला पट मांडला असेल, तर गावात स्पर्धा लागली की बिनदिक्कत नाव द्या. दारात कुणी पालक समजलं तर रागावू नका. समोर दहा वर्षांचं पोर येईल, बहुतेक हरवेल. डाव संपल्यावर त्यालाच विचारा, "बाळा, मी कुठे हरलो?" ते चिवडा खाता खाता नेमकी चाल सांगेल, पैसेही घेणार नाही. फक्त विचारताना आपण कुणाचे अण्णा आहोत, ते सांगत बसू नका.