खटक्यावरची चिकटपट्टी

रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डीएनएचे लाड फार. नायलॉनच्या मेम्ब्रेनवर तो पक्का बसावा म्हणून क्रॉसलिंकरमध्ये २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण मोजूनमापून दिले जातात: दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२० मिलिज्यूल. जास्त झाले तर थायमिन खर्ची पडतात आणि प्रोब नीट जोडला जात नाही, म्हणून यंत्रातला सेन्सर चोख हिशेब ठेवतो. डोळ्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. त्यांच्यासाठी दाराला एक खटका असतो, दार उघडताच दिवे विझवणारा. आणि तो बिघडला की दुरुस्तीऐवजी चिकटपट्टी लावायला एखादा हुशार संशोधक हजर असतोच.

‘दोन-चार सेकंदांनी काय होतंय?’ हा त्याचा युक्तिवाद. याच तरंगलांबीसाठी २००४ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आठ तासांना ६ मिलिज्यूल आहे. म्हणजे मेम्ब्रेनचा एक डोस हा वीस दिवसांचा कोटा, आणि यंत्राच्या आत तो मिनिटभरात पुरा होतो. ‘पण उजेड तर मंद निळसर दिसतो!’ दिसतो तो उरलासुरला. खरे कामाचे किरण दिसतच नाहीत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर होते तीही काही तासांनी, बहुधा रात्री घरी, तेव्हा दोष एसीला देता येतो. चष्म्याची काच हे किरण अडवते खरी, पण बाजूंनी येणारे नाही. आणि हातमोजा नि बाही यांच्यामधलं मनगट तर कोणाच्या खिजगणतीतही नसतं. पॉलिकार्बोनेटची मुखढाल मिळते की! ती सहसा कपाटात असते, ओरखडे पडू नयेत म्हणून.