टाळ्या आधी, गाणं नंतर

वाहिनीवरच्या संगीत पुरस्कार सोहळ्यात टाळ्या बऱ्याचदा गाण्याच्या आधीच चित्रित होतात. गायक अजून मेकअपच्या खुर्चीत, आणि इकडे फ्लोअर मॅनेजर प्रेक्षकांना खुणावतोय: हसा, उभे राहा, आता जरा गहिवरून या! तो गहिवर संकलनात कोणाच्याही गाण्याला चिकटतो.

गळ्याचंही तेच. १९९०च्या फेब्रुवारीत मिली व्हॅनिली या जोडीला ग्रॅमी मिळालं आणि नोव्हेंबरात काढून घेतलं गेलं, कारण अल्बमवरचे आवाज भलत्यांचेच होते. आपल्याकडे प्रकार उलटा. चित्रपटात आवाज द्यायचा गायिकेने आणि पुरस्काराची बाहुली न्यायची संगीतकाराने, म्हणून लता मंगेशकरांनी फिल्मफेअरच्या मंचावर गायला चक्क नकार दिला. पार्श्वगायनाचा पुरस्कार आला तो १९५९ साली, आणि पहिला मिळाला त्यांनाच.

महाड-पोलादपूरकडच्या शक्ती-तुरा या लोककलेला असली सोय परवडत नाही. शाहिराला रात्रभर स्वतःच्याच गळ्याने गावं लागतं, समोरच्या पार्टीच्या सवालाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पडद्यामागे म्हणाल तर एकटा माइकवाला. मुळात पडदाच नाही. तोच भोंगा बांधतो, जनरेटरात डिझेल ओततो, वायरी तुडवणाऱ्या पोरांवर खेकसतो. परीक्षक नाहीत, नामांकनं नाहीत. कवन आवडलं की कोणीतरी उठून नोट देतो आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. त्यात आडनाव चुकलं, तर गाणं थांबवून, माफी मागून, पुन्हा पुकारावं लागतं.